मरळीनं पास केलेलं पाणी

आमच्या तळ्याच्या पाळीला लागून एक मुलाम्याचं दुकान होतं. दुकान म्हणायचं म्हणून म्हणते, नाहीतर काय होतं ते? टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी कच्च्या विटा आणि आत भकभक करणारं इंजिन. सायकलीची हँडलं, घंट्या, बँडवाल्यांचे बाजे, पेट्रोमॅक्सचे दिवे, सगळं तिथं काळंकुट्ट यायचं आणि चांदीसारखं होऊन जायचं. वरून चांदी, आत तेच लोखंड. पुढं मोठमोठी माणसं जवळून पाहिली तेव्हा मला ते दुकान फार वेळा आठवलं.

मी लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा दुकान जोरात होतं. आपण तेव्हा मध्यप्रदेशात होतो, राजधानी नागपूर. गावाचं नाव सांगत नाही, चांद्याच्या अंगाचं एक गाव समजा. शेठ बाहेरचा होता. पांढरं धोतर, तोंडात पान, आणि दिसेल त्याला म्हणायचा, "तुमच्या गावात कारखाना आणला मी." जसं काही गंगाच आणली!

एका उन्हाळ्यात इंजिन बंद पडलं. शेठनं ते बैलगाडीवर घातलं, वरोऱ्याच्या स्टेशनाकडं धाडलं आणि आपणही मागोमाग गेला. नेण्याजोगं होतं ते सगळं नेलं, खुंटीवरची टोपीसुद्धा. नेण्याजोगं नव्हतं ते आमच्यासाठी ठेवलं. दोन सिमेंटच्या टाक्या, एकीत निळं पाणी, एकीत हिरवं. गवताच्या टोपल्यांत बसवलेल्या तेजाबाच्या काचेच्या बरण्या. कोपऱ्यात गाळाचा ढीग, मोरपंखी रंगाचा, पाहायला फार सुंदर.

मग गावाची जत्रा सुरू झाली. छपराची टिनं दुसऱ्याच दिवशी गेली. कोणी दार नेलं, कोणी चौकट. एकानं निळ्या पाण्यात विळा बुडवला तर तो तांब्याचा होऊन निघाला! झालं, अर्धं गाव विळे, वखराच्या पाशा, खिळे घेऊन तिथं हजर. एक म्हातारा तर खुरपं बुडवून म्हणाला, "आता याले गंज लागत नाई." चार दिवसांनी तांबं निघून गेलं आणि गंज दुप्पट लागला. पण तोवर त्यानं शेजाऱ्यांचीही खुरपी बुडवून दिली होती. एवढं ज्या पाण्याचं कौतुक, त्यात हात घातला तर कातडी सोलून निघते हे कोणी बोलेना. हाताला फडकं बांधायचं आणि विळा दाखवायचा.

आमची घरं पाळीखालीच. आम्ही ढिवर. तळं आमच्या लोकांनी ठेक्यानं घेतलेलं. पावसाळ्याच्या तोंडी माशांचं बीज सोडायचं, वर्षभर राखायचं आणि अकिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पाणी कमी असताना मोठं जाळं ओढायचं. रोहू, कतला, एकेक मासा लेकरासारखा मोठा केलेला. त्या जाळ्यावर आमचा वर्षाचा दाणागोटा. तळं गेलं तर आम्ही गेलो, यात समजायला कठीण असं काही नव्हतं. आणि त्या दुकानाची नाली उतरत होती सरळ तळ्यात.

अकिती आठ-पंधरा दिवसांवर आली आणि खबर आली, नागपूरहून मंत्री येणार. त्यांची मोटर पाळीवरून जाणार. मग सगळ्यांच्या डोळ्यांना एकदम ते दुकान दिसायला लागलं. इतके दिवस दिसत नव्हतं बरं का!

सफाईखात्याचे साहेब आले. नाकाला रुमाल, मागं छत्री धरलेला शिपाई. टाक्यांत एकदा डोकावले आणि लगेच मागं सरले. म्हणाले, "हे सगळं नालीत सोडून द्या. टाक्या धुवा. भिंतीला चुना मारा. तीन दिवसांत चकाचक पाहिजे." मजुरी देतो म्हणाले, मजूर म्हणजे आम्हीच बाया.

माझ्या सासूबाई, आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो, डोक्यावर टोपलं तसंच ठेवून उभ्या राहिल्या. आत्या म्हणजे चार हाडं आणि एक जीभ.

"साहेब, नाली कुठी जाते, पाह्यलं का?"

"तळ्यात जाते. पाणी पाण्यात जाईल, बाई."

"हे पाणी होय का? काल माझ्या सुनेच्या लुगड्यावर एक थेंब पडला, तं पदराची चाळणी झाली."

"अहो, एवढं मोठं तळं आहे. त्यात हे काय? समुद्रात चिमूटभर मीठ."

"समुद्रात आमी बीज नाई सोडलं," आत्या म्हणाल्या. "या तळ्यात सोडलं."

साहेब शिपायावर खेकसले, छत्री नीट धर म्हणून.

इथवर आमचं बरोबर होतं. इथंच थांबलो असतो तर आज मी फक्त साहेबालाच नावं ठेवली असती. पण आमच्याकडं एक मोठं माणूस होतं, माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठे मामाजी म्हणायचो. तळ्याचं सगळं त्यांच्या शब्दावर चाले. आमच्यात एक चाल होती. तळं ठेक्यानं घ्यायच्या आधी त्याचं पाणी घड्यात भरायचं, त्यात एक जिवंत मरळ मासोळी सोडायची आणि रात्रभर घरात ठेवायचं. सकाळी मरळ जिवंत, तर पाणी चांगलं. बापजाद्यांपासूनची परीक्षा. आणि ती घेणार कोण? मोठे मामाजी. त्या दिवशी डोक्याला नवा पटका बांधायचे, जसा काही नवरदेवच.

तर मोठे मामाजी पुढं आले. "साहेब, भांडण काऊन करता? पाण्याची परीक्षा आमाले येते."

"करा ना," साहेब म्हणाले. त्यांचं काय जात होतं?

मामाजींनी घडाभर तळ्याचं पाणी घेतलं, त्यात निळ्या टाकीतला लोटा आणि हिरव्या टाकीतला लोटा ओतला, आणि वर मरळ सोडली. चांगली हातभर. आत्यानं तोंड वाकडं केलं. "भाऊजी, रोहू काऊन नाई सोडत?"

"घड्यात रोहू असाही मरते. तुले काय समजते? चुलीकडं जा."

आत्या चुलीकडं गेल्या, पण मोठ्या आवाजात भांडी आपटत.

सकाळी मरळ जिवंत! घड्यात शेपटी मारून राहिली होती. मामाजींनी तो घडा डोक्यावर घेऊन अख्ख्या गावातून मिरवला. साहेब खुश. "पाहा," म्हणाले, "तुमच्याच माणसानं पास केलं. आता बोला." बोलणार काय? घरचाच माणूस साक्षीला गेला तर वकील काय करेल? त्या दिवशी निळी टाकी नालीत सोडली. तिचं तोंड फोडलं आमच्याच दीर-भाच्यांनी, मामाजींच्या हुकमावरून.

आता ढिवराच्या पोटी जन्मलेल्या माणसाला सांगायला पाहिजे का मरळ काय चीज आहे? मरळ नुसती पाण्यावर जगत नाही. वर येते, तोंड काढते, हवा पिते आणि खाली जाते. तळं आटलं तर चिखलात पडून राहते. बाजारात टोपल्यात अर्धा दिवस टाकली तरी गिऱ्हाइकाच्या हातावर शेपटी मारते. तिला पाण्याची काय पर्वा? पाणी पितात ते रोहू, कतला, कल्ल्यांनी. बापजाद्यांच्या काळात पाण्यात फक्त शेवाळ आणि चिखल असायचा, तेव्हा ती परीक्षा चालली असेल. त्या काळात मुलाम्याचा शेठ नव्हता. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. लेकरालाही ठाऊक होतं. पण नवा पटका बांधला की माणसाच्या डोक्यात काय शिरतं कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाण्याला गेले. नाली उतरते त्या कोपऱ्यात पाणी चमकत होतं. मला वाटलं कोणी कपडे भिजत घातले. जवळ गेले तर पोटं. रोहूंची पांढरी पोटं. काही अजून जिवंत, तोंड उघडून वर येत होते. कल्ले उचलून पाहिले तर आतून चिकट, मळकट. मी तिथूनच बोंब मारली.

सगळी वस्ती पळत आली. कोणी रडलं, कोणी साहेबाच्या आईबापाचा उद्धार केला. मामाजी पाळीवर बसले ते उठेनात. पटका मांडीवर. लोक त्यांना काय काय बोलले, आणि बोलले ते काही खोटं नव्हतं. आत्यांनी मात्र लुगड्याचा काचा मारला आणि पाण्यात उतरल्या.

"रडून काय मासा जिता होते का? कोपरा बांधा. अजून मधातलं पाणी चांगलं आहे."

आम्हाला बांध घालणं काही शिकवावं लागत नाही. नाल्याचा डोह धरायचा तर असंच करतो, मातीची पाळ घालून डोह तोडायचा, पाणी उपसून टाकायचं आणि मासे वेचायचे. तेच काम इथं करायचं होतं. बाया, गडी, पोरं, सगळे चिखलात. मातीचे पेंडे एकमेकांच्या हातात देत देत दुपारपर्यंत तो कोपरा तळ्यापासून तोडला. मग टोपल्याला दोन बाजूंनी दोऱ्या बांधून दोघी-दोघी बाया ते पाणी उपसायला लागलो. पलीकडं मुरमाची जुनी खदान होती, तिच्यात टाकलं. नालीचं तोंडही मातीनं बंद केलं.

साहेब दुपारी धावत आले. "हे काय करून राहिले? नाली बंद? दुसरी टाकी कुठं सोडू?"

"तुमच्या अंगणात सोडा," आत्या म्हणाल्या.

"पण तुमच्याच माणसानं..."

"माह्या जेठानं मरळीले विचारलं. तुमी शिकले आहा, तुमी कोणाले विचारलं?"

हिरवी टाकी, बरण्या, तो मोरपंखी गाळ, सगळं आम्हीच मग त्या खदानीत नेलं. अंगाला तेल चोपडून, हातापायाला गोणपाट बांधून. तरी बोटांच्या कातड्या गेल्या. माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांना अजून घाम येत नाही. आम्ही फार शहाणपणाचं केलं असं काही मी म्हणत नाही. त्या खदानीत पुढं साधा तरोटाही उगवला नाही, आणि तरोटा कुठं उगवत नाही सांगा? पण तेव्हा तळं वाचवायचं होतं. डोक्यात दुसरं काही मावत नव्हतं.

साहेबांची सफाई काय? भिंतींना चुना. नुसता चुना. रिकाम्या टाक्यांवर फळ्या टाकून त्यावर झेंडूच्या कुंड्या मांडल्या, दाराच्या मोकळ्या जागी आंब्याची पानं लावली. आणि गाव म्हणालं, किती छान साफ केलं साहेबांनी. तेच गाव, विळे बुडवणारं.

मंत्री येणार त्याच्या आदल्या दिवशी साहेब परत पाळीवर. या वेळी रुमाल नाही, तोंडावर हसू. मागं शिपाई, हातात पिशवी.

"बाई, पाहुण्यांच्या जेवणाला मासे पाहिजेत. चांगले मोठे."

आत्या जाळं सांधत बसल्या होत्या. सुई थांबली नाही. "आहेत नं. त्या कोपऱ्यातल्या चिखलात मरळी आहेत. रोहू मेले, थे नाई मेल्या. हातभर हातभर आहेत."

साहेबांचं हसू उतरलं. "त्या कोपऱ्यातली नको."

"काऊन?"

"नको म्हणतो ना. मधल्या पाण्यातली द्या."

"पण पाणी तं पास आहे, साहेब. तुमीच सांगितलं, समुद्रात मीठ."

"अहो बाई, पाहुण्यांसाठी आहे. मोठी माणसं आहेत."

"म्हणजे आमच्यासाठी चालते, त्यायच्यासाठी नाई?"

शिपाई दुसरीकडं पाहायला लागला. साहेब काही बोलणार, तेवढ्यात घरातून मोठे मामाजी आले. हातात तोच घडा, आणि घड्यात तीच मरळ, अजून जिवंत. त्यांनी तो साहेबांच्या पायापाशी ठेवला.

"साहेब, ही न्या. हिनंच पास केलं. तुमी अन् मी, दोघायनं हिचंच ऐकलं. तुमी पह्यले खा, मंग मी खातो."

साहेबांनी घड्यात पाहिलं. मरळ वर आली, तोंड उघडून हवा प्यायली, खाली गेली. साहेब एक पाऊल मागं सरले, पहिल्या दिवशी टाकीपासून सरले होते तसंच. मग "चल रे," म्हणून शिपायाला घेऊन निघून गेले. मंत्र्यांना बाजारातलं बकरं खाऊ घातलं असं नंतर ऐकलं.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी म्हणत होते, बिचाऱ्या साहेबाला माहीत नसेल, कागदावरचा माणूस. ते पाणी विष आहे हे माहीत नव्हतं ते मामाजींना. साहेबाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, रुमाल काय उगाच नाकावर होता का?

अकितीनंतर आम्ही मधल्या तळ्यात जाळं ओढलं. नेहमीपेक्षा कमी निघालं, पण निघालं. त्या वर्षी भात एकाच वेळी, दुसऱ्या वेळी आंबील. वस्ती उठली नाही.

कोपऱ्यातल्या मरळी कोणी धरल्या नाहीत. मामाजींनी घड्यातली ती मरळही तिथंच सोडली. आणि दर पावसाळ्याआधी ते एकटेच तिथं जायचे, टोपलंभर माती बांधावर टाकायचे, पायानं दाबायचे. कोणी सांगितलं नव्हतं. आत्या घरातून पाहायच्या आणि म्हणायच्या, "पाहा, पटका नाई बांधला तं कसं चांगलं काम करते हे माणूस." पण दुपारी त्यांच्यासाठी आंबिलीचा गडवा घेऊन बांधावर जायच्या त्याही आत्याच.