बापाच्या फोनवरचा ओटीपी

केजच्या कॉलेजात आम्ही चौघं पोरं जिन्याखाली टेबल टाकून बसायचो. कुणाचा फॉर्म भर, कुणाचा अडलेला मोबाईल चालू करून दे, सगळं फुकट. मला त्याचा लई माज होता. गावोगाव जाऊन माणसं गोळा करायचो आणि बजावायचो, ओटीपी कुणालाच सांगू नका. चोर आता पोटच्या लेकराचा आवाज काढून फोन करतेत.

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या गाड्या गेल्या. एक दिवस साडेचारला एक पोरगी धापा टाकत आली. नर्सिंगच्या शेवटच्या फेरीत तिचा नंबर लागलेला, आणि जागा पक्की करायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. मी खेकसलो, इतका वेळ झोपली व्हतीस का? एसटी आलीच न्हाई, जीपनं आले, म्हणाली.

फॉर्मवर नंबर बापाचा. घरात फोनच तेवढा एक, आणि बाप कर्नाटकात उसाच्या फडात. मी ओटीपी पाठवला. पोरीनं माझ्या फोनवरून बापाला लावला आणि मेसेजमधला आकडा मागितला. बापानं फोन कट केला.

पुन्हा लावला. तर म्हणे, केजच्या कॉलेजातली पोरं सांगून गेलीत, लेकराचा आवाज असला तरी सांगायचं न्हाई. मी तिच्या हातातून फोन हिसकून घेतला, म्हणालो, अहो काका, ते सांगणारा मीच. चोर असंच म्हणतेत, असं सुनावून त्यानं परत कट केला. शिकवलेलं कुणी इतकं मनावर घेतं का! राग तर आला, पण काढावा कुणावर? पहिला ओटीपी बाद झाला होता. मी दुसरा पाठवला. पाचला दहा कमी.

तिसऱ्यांदा त्यानं उचलला. फोन स्पीकरवर होता.

"माझी लेक असशील तर सांग," तो म्हणाला, "गाडीत बसताना मी तुला काय म्हणलो?"

मी हातानं खुणावत होतो, बोल ना बाई. तिनं आम्हा चौघांकडं बघितलं, मग भिंतीकडं तोंड केलं.

"यंदा नंबर न्हाई लागला तर लगीन, म्हणलं होतं तुमी. मी पाया पडले तरी."

मला माझीच लाज वाटली, मघाशी हिच्यावर खेकसलो म्हणून. पलीकडं ऊस तोडल्याचा आवाज येत होता. मग बाप अडखळत एकेक आकडा वाचायला लागला. मी तो लगोलग टाकत गेलो. पाचला चार कमी असताना जागा पक्की झाली.

बापानं फोन ठेवला नव्हता. "झालं का गं?"

"झालं."

"मंग पोराकडच्या पाव्हण्यांना न्हाई म्हणून कळवतो, सवडीनं."

"सवडीनं न्हाई अप्पा," ती म्हणाली. "आत्ता कळवा. तुमचा फोन येईस्तोवर मी इथंच थांबते."