प्रानोमने बॉनेटची साल काढली

थायलंडमधल्या सिराचाच्या मोटार कारखान्यात प्रानोमने एकोणतीस वर्षं एकच काम केलं. रंगवून आलेल्या गाडीवरून नजर फिरवायची आणि डाग, ओघळ दिसला की तिथे चिकटपट्टी लावायची. रंगाला संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा असायचा, तो मात्र दोष म्हणून धरायचा नाही. एवढं चालतं, असा वरचा हुकूम. प्रानोमला ते कधी चाललं नाही, पण तिला विचारतंय कोण?

पंचावन्नाव्या वर्षी कारखान्याने हार घालून घरी पाठवलं. तिने तिथलाच गडद निळा पिकअप घेतला आणि दुसऱ्याच आठवड्यात पॉलिश पेपर बादलीत भिजत घातला.

"अगं, यातून आपण अननस नेणार," नवरा थाविन म्हणाला. "अननसाला काय तोंड बघायचंय?"

"अननसाला नसेल. मला बघायचंय."

"आणि घासता घासता खाली रंगापर्यंत गेलीस म्हणजे?"

"मग बॉनेट नव्याने रंगवावं लागेल, आणि तो रंग कुठल्या तरी गॅरेजचा असेल. मला हाच हवाय, आमच्या लाइनीवरचा. म्हणून तर खाली जाणार नाही."

बोलणं सोपं होतं. रंगावरचा काचेसारखा थर केसाहूनही पातळ. तिने कडांना पट्ट्या लावल्या, रबराच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळला. साबणाचं पाणी सोडायचं, दहा हात मारायचे, पुसायचं, बघायचं. चमकणारे टिपके दिसले तर खड्डे अजून बाकी. सगळं सारखं मंद झालं की थांबायचं. पाणी दुधासारखं वाहतंय तोवर ठीक, निळं आलं की कारभार आटोपला.

बॉनेटच्या मधोमध मात्र अडचण बसलेली. गाडी आली तशी ती विहारात नेली होती आणि थोरल्या भन्तेंनी ओल्या पांढऱ्या भुकटीचे आशीर्वादाचे नऊ ठिपके काढले होते. त्यांना हात लावायची कोणाची छाती? प्रानोमने तळहाताएवढी जागा झाकून ठेवली आणि भोवतीने घासलं. तीन दिवस. मग मशीनने चमक आणली.

झाकण काढलं तर काय? चहूकडे आरसा आणि मधे सालीचा चौकोन. त्याच्या काठाला नख अडत होतं.

"तळ्यात बेट राहिलं," थाविन म्हणाला. "वर नऊ माणसंही आहेत."

प्रानोमने फडकं उचललं. तसा हसणारा थाविन आडवा आला. "भन्तेंचा हात पुसतेस? अननस बाजारात पोचायच्या आधी आपण वर पोचू."

शेवटी दोघं विहारात गेली. भन्तेंनी वाकून पाहिलं.

"हे मधलं का सोडलंस?"

"तुमचे ठिपके होते, भन्ते."

"आणि पाऊस पडला असता तर?"

प्रानोमने ठिपक्यांकडे पाहिलं.

"चालवणाऱ्याने सावध राहावं म्हणून ते काढतात. गाडी कोण चालवतं?"

"हे."

भन्तेंनी थाविनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "याच्या लक्षात राहिलं म्हणजे झालं. तू पूस."

तिने हात जोडले आणि ठिपके पुसले.

घरी आल्यावर खरी कसोटी. बेट उंच, भोवतालचा थर आधीच घासलेला. त्याला आता फार पेपर लागून चालणार नव्हता. तिने ठोकळा कापून काडेपेटीएवढा केला, पट्ट्या आता बेटाच्या बाहेरच्या बाजूला लावल्या आणि थाविनला स्टुलावर बसवून वाहतं पाणी बघायला सांगितलं.

"पांढरं," थाविन म्हणायचा. पाच हात. "पांढरं."

दुपारपर्यंत बेट खाली आलं. पट्ट्या काढल्या. दोऱ्याएवढी रेघ उरली होती.

"राहू दे आता. कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

तिने सर्वांत बारीक पेपर घेतला. रेघ जायची तर दोन्हीकडे थोडं घासावंच लागणार होतं. पाठ भरून आली होती, बोटांची कातडी फुगली होती. तीन हात. "पांढरं." तीन हात. "पांढरं." तीन हात. थाविन बोलेना.

प्रानोमचा हात जागीच थिजला. "काय झालं?"

"काही नाही. डोळ्यात साबण गेला."

"अहो, डोळे नंतर चोळा. पाणी बघा."

"बघतोय. पांढरं."

तिने पुसून नख फिरवलं. ते सरळ पार गेलं. संध्याकाळी मशीन फिरवून झाल्यावर थाविन बॉनेटच्या आरशात वाकून मिशा नीट करायला लागला, तशी तिने त्याला कोपराने बाजूला सारलं.

"सरका जरा. दारं राहिलीत." आणि नवे पेपर बादलीत टाकले.