डावा डोळा आधी

चष्म्याची भिंगं घडवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सारे चिठ्ठीबाई म्हणत. मागणी आल्यापासून भिंग डबीत बंद होईपर्यंत त्याच्यासोबत जी चिठ्ठी फिरे, ती गेली एकवीस वर्षं तिच्याच हातची असे.

मालकांना यंत्रांचा भारी सोस. प्रदर्शनाला गेले की ते रिकाम्या हाताने परतत नसत. मागणी नोंदवायला संगणक आला, मग भिंग घासायचं यंत्र, लेप चढवायचं, कडा कापायचं. प्रत्येक वेगळ्या कंपनीचं, प्रत्येकाचा तोरा निराळा. एकातला आकडा दुसऱ्यात आपसूक जावा अशी सोय कुठेच नव्हती, कारण खरेदी करताना तो प्रश्नच कुणाला पडला नव्हता. यंत्रं होती, त्यांच्यामागे एक विचार नव्हता. ती उणीव चिठ्ठीबाई पेनाने भरून काढी.

घासायचं यंत्र बदललं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बाकी सारी यंत्रं उजव्या डोळ्याचा आकडा आधी मागतात, हे मात्र डाव्याचा. तेव्हापासून ते यंत्र चालवणाऱ्या मिस्त्रींसाठी चिठ्ठी लिहिताना ती वरचा आकडा खाली आणि खालचा वर करी. दिवसातून साठदा. याचा कुणाला पत्ता नव्हता.

मग तक्रार आली. घरं रंगवणारा एक माणूस नवा चष्मा लावून शिडीवर चढला. पायरीचा अंदाज चुकला आणि मनगट मोडलं. त्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक होता, आणि भिंगं नेमकी उलटी घासली गेली होती. मालकांनी हिशेब सोपा केला: यंत्र नवं, बाईंची चिठ्ठी कधी चुकत नाही, तेव्हा चुकले ते मिस्त्री. वय झालं, पुढच्या महिन्यापासून त्यांनी आराम करावा. मिस्त्रींनी अंगावरचा अ‍ॅप्रन काढून त्याची नीट घडी घातली.

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. त्या दिवशीची चिठ्ठी सापडली. वर उजवा, खाली डावा. हात जुन्या वळणावर गेला होता.

नवऱ्याचं काम सुटून आठ महिने झाले होते. ती दोन दिवस गप्प राहिली. डबा खायला मिस्त्री नेहमीसारखे तिच्या समोर बसले.

"आता घरी बसून बायकोच्या कामात खोट काढीन, बाई," ते म्हणाले. "महिन्याभरात तीही मला काढून टाकील."

तिसऱ्या दिवशी तिने ती चिठ्ठी मालकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं: एकच आकडा आपण चार ठिकाणी हाताने उतरवतो, एका ठिकाणी उलटा.

मालकांनी चिठ्ठी उचलली. "आणि हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"उद्या तुम्ही आला नाहीत तर?"



मिस्त्री राहिले. तीही राहिली, पण ही माफी नव्हे, हे तिला कळत होतं. तिला काढलं तर चारही यंत्रं त्याच दिवशी एकमेकांना परकी होणार होती. यंत्रं एकमेकांना कशी जोडायची ते एकदा बसून ठरवू या, असं तिने सुचवलं. मालकांनी मान डोलावली आणि सांगितलं की तयार भिंग तपासणारं पाचवं यंत्र त्यांनी मागवलंच आहे. आता चूक सुटणार नाही.

"त्याला आकडे कोण देणार?"

"तुम्ही द्याल की, बाई."

यंत्र सोमवारी आलं. तिने पट्टी घेऊन चिठ्ठीवर पाचवा रकाना आखला आणि जोडणीला आलेल्या माणसाला विचारलं, यात कुठला डोळा आधी?

त्याला ठाऊक नव्हतं. तो माहितीपुस्तिका चाळू लागला, आणि ती पेन उचलून धरून थांबली.