रूडीच्या पाठीशी अख्खा देश

नॅडीन होल्चेकचा आवाज म्हणजे भोंगा. अमेरिकेतल्या आमच्या कार्व्हर्स रन गावात शाळेची बस चालवण्यात तिचा जन्म गेला. मागच्या बाकावर कुणी कुणाची टोपी पळवली, तर ही आरशात न बघता नाव घेऊन ओरडायची. गावात कुणाचं घर जळालं, कुणी आजारी पडलं, की अग्निशामक दलाच्या फायर हॉलमध्ये जेवण ठेवायचं, दारात बादली ठेवायची आणि जेवून जाणाऱ्याने तिच्यात पैसे टाकायचे, ही इथली रीत. त्या बादलीशी उभं राहून, "अरे वा, पाचच? बारमध्ये तर हात बराच सैल सुटतो तुझा!" असं तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या नॅडीनची. तिने अशी कितीतरी जणांची दुखणी निभावून नेली होती.

मग पाळी तिच्या घरावर आली. नवरा रूडी ओट्याचे दगड कापायचा. लोकांची स्वयंपाकघरं चकाचक केली आणि त्या दगडांची भुकटी स्वतःच्या छातीत भरून घेतली. आता नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र, आणि बाथरूमपर्यंत जायचं तर वाटेत एकदा खुर्चीवर टेकायचं. फुप्फुस बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शहरातल्या हॉस्पिटलच्या बाईने अगदी गोड आवाजात सांगितलं, की ऑपरेशनचं विमा बघेल. पण नंतरची औषधं, हॉस्पिटलजवळ भाड्याने राहणं, याची तुमची सोय आहे हे आम्हाला दिसायला हवं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत खात्यात वीस हजार डॉलर दाखवा, तरच रूडीचं नाव यादीत.

"म्हणजे श्वास घ्यायचं डिपॉझिट," रूडी म्हणाला, आणि हसता हसता खोकत सुटला.

नॅडीनने इंटरनेटवर मदतीचं पान उघडलं. त्यात रडतखडत दोन हजार जमले. पण तिची खरी भिस्त फायर हॉलच्या जेवणावर. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी तिने हॉल धरून ठेवला.

त्या वर्षी काँग्रेसची, म्हणजे देशाच्या संसदेची, निवडणूक अशी अटीतटीची, की दोन्ही उमेदवार पायाला भिंगरी लावून फिरत होते. त्यातल्या कोरीन वेदरलीबाई सप्टेंबरात आमच्या गावात सभेला आल्या. नॅडीन उठली आणि तिने सगळं खडाखडा सांगितलं. कोरीनबाईंनी तिला मिठी मारली. रडल्या. खरंच रडल्या, उगाच खोटं कशाला बोलू? कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी प्रेस्टन नावाचा दाढीवाला गृहस्थ नॅडीनच्या दारात हजर. प्रचाराची ऑनलाइन वर्गणी तो बघायचा. "मॅडम, आमच्यामागे कोणी शेठ नाही," तो म्हणाला. "पाच-दहा डॉलर देणाऱ्या साध्या माणसांवर आमची गाडी चालते. तुमची गोष्ट त्यांना सांगू द्या. बाई निवडून आल्या की ही डिपॉझिटची भानगडच कायद्याने बंद करतील."

नॅडीनला पटलं. तिने सही केली, रूडीचा नळी लावलेला फोटोही दिला. पैसा प्रचाराला जाणार हे तिला ठाऊक होतं. लोकांना गेलेल्या मेलमध्येही तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. पण वर केवढ्या मोठ्या अक्षरात काय होतं, तर ‘रूडीला श्वास हवा आहे. आज मध्यरात्रीपर्यंत आपण कमी पडलो तर?’ आणि खाली लाल बटण : ‘रूडीच्या पाठीशी उभे राहा.’

उभा राहिला की देश! कुठल्या कुठल्या राज्यांतून पाच, दहा, पंचवीस. पंधरा दिवसांत साडेतीन लाख डॉलर. जिल्ह्याच्या पेपरात पहिल्या पानावर रूडीचा फोटो आणि तो आकडा. "मेल्यावर येतो तसा फोटो आलाय," रूडी म्हणाला. पण पेपर त्याने जपून ठेवला.

जेवणाच्या शनिवारी नॅडीनने दोनशे माणसांची हलुश्की, म्हणजे कोबी घातलेल्या नूडल्स, केली. कोबी चिरून चिरून तिची बोटं आखडली. साठेक माणसं आली. हसली, बोलली, दोनदा वाढून घेऊन जेवली आणि बादलीला वळसा घालून निघाली. चर्चमधली लॉरेटा, नॅडीनची शाळेपासूनची मैत्रीण, तीही कोट घालून दाराशी आली.

"लॉरेटा, बादली इकडे आहे हं," नॅडीन म्हणाली.

"अगं, मी दिलेत ना! फोनवर. रूडीचा फोटो आला, दाबलं बटण. आमच्या ह्यांनीही पन्नास दिले."

"ते कोरीनबाईंच्या प्रचाराला गेले गं. रूडीला नाही."

"चल, काहीतरीच! रूडीच्या नावाने मागितलेत."

"मागितले रूडीच्या नावाने, गेले त्यांना. खाली लिहिलं होतं."

लॉरेटाचा चेहरा बदलला. कोटाची बटणं लावत ती म्हणाली, "हे बघ नॅडीन, साडेतीन लाख पेपरात छापून आलेत. आणि वर तू बादली घेऊन उभी. माणसाला किती पुरे असतं गं?"

ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुसऱ्यांसाठीच हात पसरला, तिला हे ऐकायला लागलं! हॉल रिकामा झाल्यावर नॅडीनने पैसे मोजले. बादलीत दोनशे डॉलरही नव्हते.

सोमवारी तिने प्रेस्टनला फोन लावला. "दोन ओळी लिहून द्या मला. रूडीला यातला एक पैसाही मिळालेला नाही, एवढंच. गावाला दाखवते."

"मॅडम, मला खूप वाईट वाटतंय. पण प्रचाराचा पैसा कुणाला खाजगीत द्यायला कायद्याने बंदी आहे."

"पैसा कुठे मागतेय मी? चिठ्ठी मागतेय!"

"आठवड्यावर मतदान आलंय. त्या चिठ्ठीची विरोधक जाहिरात करतील. थोडं थांबा. निकाल लागला की बाई स्वतः हॉस्पिटलला फोन करतील, माझा शब्द." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि मॅडम, त्या रिकाम्या हॉलचा फोटो आहे का तुमच्याकडे? शेवटच्या मेलला फार उपयोगी पडेल."

नॅडीनने त्याला अशी काही शिवी हासडली, की इथे लिहिता येणार नाही. फोन आपटला.

"पेपरवाल्यांना सांग सगळं," रूडी म्हणाला.

"आणि ती कोरीनबाई पडली म्हणजे? मग हॉस्पिटलला फोन कोण करणार?"

चुकलंच तिचं. तिने तोंडाला कुलूप लावलं आणि थांबली. तोवर गावातल्याच कुणा धर्मात्म्याने मदतीच्या पानाविरुद्ध तक्रार ठोकली, की ही बाई एकाच दुखण्यावर दोनदा पैसे उकळतेय. पान चालवणाऱ्यांनी चौकशी होईपर्यंत आतले पैसेही अडकवून ठेवले.

कोरीनबाई जिंकल्या. जेमतेम सहाशे मतांनी, पण जिंकल्या. नॅडीनने दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशी केला, रोज केला. प्रेस्टन दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या उमेदवाराकडे गेला होता. ऑफिसातली मुलगी निरोप घ्यायची आणि "नक्की कळवते" म्हणायची. नॅडीनने बसवर जादा फेऱ्या घेतल्या, पिकअप गाडी विकली, तरी आकडा निम्म्यावरही पोचेना. थँक्सगिव्हिंग आलं आणि गेलं. हॉस्पिटलच्या बाईने गोड आवाजात सांगितलं, की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

पुढचं वर्ष रूडीला तीन आठवडे मिळालं. शेवटी शेवटी त्याला बोलवतही नसे. नॅडीनचा हात धरून ठेवायचा आणि यंत्राकडे बघत राहायचा. एका सकाळी त्याने तो हात सोडला.

मयताच्या दिवशी चर्चमध्ये एक पुष्पचक्र आलं, शवपेटीहून मोठं. त्यावर पट्टी : ‘काँग्रेसच्या सदस्या कोरीन वेदरली यांजकडून, रूडीच्या लढ्याला.’ गावाने ते डोळे भरून पाहिलं. ते लाखो रूडीलाच मिळाले, याबद्दल आता कुणाच्याच मनात शंका उरली नाही.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. लॉरेटाने नॅडीनला कवटाळलं, हमसून हमसून रडली. "एवढे लाखो ओतले गं त्याच्यावर. आम्ही सगळ्यांनी दिले. तरी नाही वाचला."

नॅडीनने तिची पाठ थोपटली. "नाही वाचला," ती म्हणाली.

लॉरेटाने डोळे पुसले, तिला खुर्चीवर बसवलं, बशीत केक वाढून दिला. आणि शेजारी खुर्ची ओढून हळूच म्हणाली, "आज विचारू नये, पण तू मनाची मोठी आहेस म्हणून विचारते. फायर हॉलचं छप्पर गळतंय. उरलेल्या पैशांचं तू काही ठरवलंयस का?"

टेबलाशी बसलेल्या बायका उत्तरासाठी नॅडीनकडे बघू लागल्या.