पडद्याच्या पलीकडची बाजू

तुम्ही सिनेमा कोणत्या बाजूनं पाहता?

प्रश्न विचित्र वाटला असेल, तर तुम्ही पुढच्या बाजूला बसणारे आहात. मी लहानपणीचे सगळे सिनेमे मागून पाहिले.

मानोऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात कापूस वेचून झाला की टुरिंग टॉकीजचा ट्रक यायचा. मोकळ्या वावरात तंबू उभा राहायचा आणि त्यात मधोमध पांढरं कापड ताणलं जायचं. आसपासच्या तांड्यांवरून बैलगाड्या येऊन धुऱ्याला, वावराच्या बांधाला, सुटायच्या. दिवेलागणीला पहिला खेळ. सिनेमाच्या मशीनच्या बाजूनं गाव बसायचं आणि कापडाच्या पलीकडं आमची वस्ती. तिकीट सगळ्यांना सारखंच. मागं बसा असं कोणी म्हणत नव्हतं, तशी पाटीही नव्हती. तंबूत शिरलं की आमच्या माणसांचे पाय आपोआप तिकडं वळायचे. पायांना अन्यायाची एवढी सवय झाली की त्याला पाटी लागत नाही.

पलीकडून सगळं दिसतं, फक्त जरा फिकं आणि उलटं. आमचे सगळे हिरो डावखुरे होते. बाबा सभांमधून पत्रकं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकलो. वाचता येऊ लागलं त्या हिवाळ्यात मोठ्या उमेदीनं पडद्यावरची नावं वाचायला बसलो, तर एक अक्षर लागेना.

"माय, हे अक्षरं उलटे हायत," मी म्हणालो.

"मले तं सुलटेबी असेच दिसतात," ती म्हणाली, आणि आजूबाजूच्या बाया खदखदून हसल्या.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रक लिहिलं. "धर्म बदलला, जागा कधी बदलणार?" असा त्याचा मथळा होता. तंबू लागला त्या दिवशी विहारासमोर सगळ्यांना ते वाचून दाखवलं. आज आपण सगळे पुढं बसायचं, एवढंच मागणं होतं. माना डोलल्या. आमच्या शेजारचा बुढा म्हणाला, "बराबर लिवलं पोरानं. तू हो पुढं, आमी आलोच."

मी पुढं झालो. मशीनच्या बाजूला, मधल्या जागेत बारदान अंथरून बसलो. कोणी मला उठवलं नाही. शेजारच्या कुटुंबानं फक्त आपली सतरंजी उचलली आणि पलीकडं नेली. मग मागच्यांनी, मग पुढच्यांनी. थोड्या वेळात माझ्या चारी बाजूंना नुसती जमीन उरली. मी दाराकडं पाहत राहिलो. आमची माणसं आली. पाय वळले. तिकडंच वळले. मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तीही कापडाआड गेली.

सिनेमा सुरू झाला. अक्षरं सुलटी होती. कपडे कोणी शिवले, केस कोणी विंचरले, सगळी नावं मी वाचली. वाचून कोणाला सांगायचं? हिरो उजव्या हातानं जेवत होता आणि मला परका वाटत होता. विनोद आला की माझ्या बाजूचं गाव जपून हसायचं. पलीकडून मात्र हसण्याचा लोट यायचा, आणि त्यात मायचं हसू मला वेगळं ओळखू यायचं. माझ्यात आणि तिच्यात एक कापड होतं.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "काय दिसलं रे तिकडून?"

"अक्षरं सुलटी दिसली."

"अन् बाजूले कोन होतं?"

मी बारदानाची घडी घालू लागलो.

"आमी काहून नाही आलो, ते नाही इचारत?"

"भ्यालात तुम्ही."

"भेलो तं भेलो. सकाळी त्याह्यच्याच वावरात जा लागते. पन तुह्या कागदात एक गोठ नाही, बाबू. तिकडं आमाले हासता आलं नसतं. सिनेमाले आमी हासालेच जातो ना?"

तिचं म्हणणं खरं होतं. पण पत्रकात लिहिलं तेही खरं होतं आणि आजही खरं आहे, म्हणून दर हिवाळ्यात मी पुढंच बसतो. माझ्याभोवतीची मोकळी जागा आता ठरून गेली आहे. तंबूत शिरलं की गावाचे पाय आपोआप तिला वळसा घालतात. मध्यंतरात दिवे लागले की ती फार मोठी दिसते.

तुम्ही पुढं बसणारे असाल, तर एवढं करा. या हिवाळ्यात तुमच्या गावात तंबू लागेल. तिथं कोणी असा मोकळ्या जागेत एकटा बसलेला दिसला, तर तुमची सतरंजी त्याच्या बारदानाला लावून अंथरा. भाषण नको. हसायची जागा आली की मोठ्यानं हसा, कापडापलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.