पुन्हा ओढू लागलात तर फोन करा

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती आणि शांतवन साळवे यांचा फोन आला नव्हता. दर रविवारी आठ वाजता, चर्चला निघण्यापूर्वी, ते मला फोन करीत. संभाषण ठरलेले असे. ते विचारीत, "काळे, ओढली?" मी म्हणे, "नाही." ते म्हणत, "बरं." आणि फोन बंद होई. मी साखर कारखान्याच्या टाईम ऑफिसात कामगारांच्या हजेऱ्या मांडण्यात आयुष्य काढलेला माणूस आहे. कोणत्या माणसाचा उशीर हा नुसता उशीर नसतो, हे मला कळते. मी खुर्ची फोनजवळ ओढून बसलो. साडेआठच्या सुमारास त्यांच्या मुलीचा, रूथचा फोन आला. "काका, बाबा गेले. पहाटे, झोपेतच." मी दफन किती वाजता आहे ते विचारले. ती म्हणाली, चार. मी म्हणालो, "बरं." शब्द त्यांचाच होता...

या गोष्टीला आता काही आठवडे लोटले. साळवे यांच्याविषयी केडगावात जे बोलले जाते त्यात त्यांच्या धंद्याचे कौतुक अधिक असते. तो धंदा कसा वाढला, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून लिहितो.

ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. पाळी बदलताना वजनकाट्यामागे आम्ही चार-सहा जण सिगारेट ओढायला उभे राहत असू. तिथला एक अलिखित नियम होता: पाकीट ज्याच्या खिशात, त्याने आधी शेजाऱ्यापुढे धरायचे आणि मगच स्वतःची पेटवायची. साळवे यांची आणि माझी ओळख अशीच, एका काडीवर झाली. पुढे इतक्या वर्षांत आमचे 'अहो-जाहो' कधी सुटले नाही आणि त्यावाचून काही अडलेही नाही. निवृत्तीनंतर दोघांनीही केडगावात घरे केली. त्यांच्या छातीत खरखर सुरू झाली, डॉक्टरांनी तंबी दिली आणि त्यांनी सिगारेट सोडली. त्याच सुमारास माझी पत्नी वारली. मी दिवसभर ओढू लागलो. एवढे सांगणे पुरे. साळवे यांनी मला उपदेश केला नाही. मागच्या खोलीत त्यांनी ओवा, लवंग आणि ज्येष्ठमध कुटून एक गोळी तयार केली, ती कागदात बांधून माझ्याकडे आणली आणि म्हणाले, "ही तोंडात धरा आणि काय खटकतं ते सांगा. चांगलं काय ते सांगू नका, त्याचा मला उपयोग नाही." त्यांचे पहिले गिऱ्हाईक मी. माझी सिगारेट सुटली, आणि तेव्हापासून रविवारचा तो फोन सुरू झाला.

साखरेच्या माणसाने केलेली गोळी गोडच होणार. कडू ओव्याला त्यांनी साखरेचा जाड लेप चढवला होता, आणि आम्हा कारखान्याच्या लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही. गोळी खपली. मग राहात्याहून एका बाईंचा फोन आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुमच्या गोळीनं आमच्या ह्यांची बिडी सुटली. आता डॉक्टर म्हणतात, गोळी सोडवा. साखर वाढलीय." साळवे यांनी तयार माल परत मागवला. नंतर ते मला म्हणाले की जन्मभर साखर चांगली कशी उतरेल एवढेच पाहिले. ती कुणाच्या अंगात उतरते, हे विचारायचे राहून गेले. गोळी बंद झाली. तिच्या जागी ज्येष्ठमधाच्या बिडीएवढ्या काड्या आल्या, ओवा-लवंगेच्या काढ्यात भिजवून वाळवलेल्या. त्यावरही एका सुनेने तक्रार केली की सासऱ्यांचा रक्तदाब चढला. तेव्हापासून रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ही सूचना पाकिटावर मालाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापली जाऊ लागली. छापखानेवाल्याला वाटले, मजकूर उलटसुलट झाला आहे.

त्याच पाकिटावर त्यांनी खाली आपला नंबर दिला आणि वर एक ओळ: 'पुन्हा ओढू लागलात तर फोन करा.' गुण आला तर कळवा, असे सगळे लिहितात. माल पोचवणारा टेम्पोवाला त्यांना म्हणाला की सर, ज्यांची सुटली त्यांचे फोटो लावू, चौकात बोर्ड लावू. साळवे म्हणाले, "ज्याची सुटली तो आता आपलं गिऱ्हाईक नाही. आपला धंदा गिऱ्हाईक गमावण्याचा आहे. गमावलं नाही, तर का नाही ते विचारायचं." फोन आला की ते फक्त दोन प्रश्न विचारीत: कुठे होतात, आणि सोबत कोण होतं? मग ऐकत बसत. मी समोर असे. पलीकडचा माणूस पुष्कळ वेळ बोलत राही आणि साळवे यांच्या तोंडून 'हं' यापलीकडे शब्द निघत नसे.

जामखेडहून एका शेतकऱ्याचा असा फोन आला. त्याचे बोलणे फोनवर नीट उमगेना, म्हणून साळवे एसटीने जामखेडला निघाले आणि मलाही सोबत घेतले. बाजाराचा दिवस होता. म्हातारा शेळ्यांच्या बाजारात एका बाजूला बसला होता, हातात पेटलेली बिडी. आम्हाला पाहून त्याने ती विझवली नाही, उलट दोन बिड्या काढून आमच्यापुढे धरल्या. आम्ही नको म्हणालो. तेव्हा तो म्हणाला, "ह्येच ते. तुमची काडी बरी हाय, सायेब. तलफ मारती. पन बिडी हुती तवा मानसं थांबायची. कोनी काडीपेटी मागायचं, कोनी बिडी. दोन शब्द व्हायचे. आता मी एकलाच चघळत बसतो, ह्या शेरडावानी. शेरडू बी मायाकडं बघत न्हाई."

साळवे हसले नाहीत. परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. केडगाव जवळ आल्यावर म्हणाले, "काळे, आपण तंबाखूवर औषध केलं. त्याचं दुखणं तंबाखूचं नव्हतंच."

त्यानंतरच्या मालात काड्या सुट्या नव्हत्या. दोन-दोन काड्या दोऱ्याने बांधलेल्या जोड्या होत्या, आणि पाकिटावर 'एक आपल्याला, एक शेजाऱ्याला' असे छापले होते. राहात्याचा दुकानदार चिडला. निम्मा माल फुकट वाटला जाणार, हे त्याला दिसत होते. तो म्हणाला, "सर, हे दुकान आहे का अन्नछत्र?" साळवे यांनी त्याला थोडी कळ काढायला सांगितले. ज्याला शेजाऱ्याने काडी दिली, तो चार दिवसांनी स्वतः दुकानात येऊ लागला आणि त्यालाही जोडीच घ्यावी लागली. धंदा वाढला तो असा. मागची खोली पुरेना, म्हणून त्यांनी शेजारचा गाळा घेतला. वजनकाट्यामागचा आमचा जुना नियम त्यांनी दोऱ्याने बांधून विकला, असे मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "हं."

दफनाला पुष्कळ लोक आले होते. कित्येकांना मी ओळखत नव्हतो. मातीची मूठ टाकून मी बाजूला उभा राहिलो. रूथने त्यांचा मोबाईल माझ्या हातात ठेवला. "तुमच्याकडे राहू द्या, काका. सारखा वाजतोय. मला उचलवत नाही." परत येताना मी चौकातल्या टपरीवर थांबलो आणि एक सिगारेट घेतली. पानवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि सुटे पैसे परत केले. विचारणारा माणूस आम्ही नुकताच मातीत ठेवला होता. पुढच्या रविवारी आठ वाजता मला कोणी विचारणार नव्हते. 'नाही' म्हणायचे ते कोणाला, हा प्रश्न होता.

घरी आलो. पाय धुतले, देवघरातली काडेपेटी आणली. खिशातून सिगारेट काढली तेव्हा तिच्यासोबत दोऱ्याने बांधलेली जोडीही बाहेर आली. ती मी टेबलावर ठेवली. दुसरी काडी कोणाला द्यायची, ते सुचेना... तेवढ्यात साळवे यांचा मोबाईल वाजला. मी उचलला. पलीकडचा आवाज मध्यमवयीन होता.

"सर, पुन्यांदा वढाया लागलो."

 मी त्यांचेच प्रश्न विचारले. "कुठे होतात?"

"रानात. मोटर चालू करायला गेल्तो."

"सोबत कोण होतं?"

"कोनी न्हाई. आता कोन येतंय रानात..." मग म्हणाला, "तुमचा आवाज येगळा लागतोय. साळवे सर हायेत ना?"

मी सांगितले की ते पहाटे गेले, आत्ताच माती देऊन आलो.  पलीकडून मोटरीचा आवाज तेवढा येत होता. मग त्याने मला विचारले, "तुमी कोन?"

"मीही त्यांचं गिऱ्हाईकच."

"मंग तुमी न्हाई ना वढत?"

सिगारेट माझ्या डाव्या हातात होती. पेटवलेली नव्हती.

मी म्हणालो, "नाही."

तो म्हणाला, "बरं."

पुढे तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. विहिरीचे पाणी, मुलाची पुण्याची नोकरी, बंद पडलेला चहाचा कट्टा. फोन ठेवताना मी त्याला रविवारी सकाळी आठ वाजता पुन्हा फोन करायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. सिगारेट मोडून केरात टाकली. काडेपेटी देवघरात जागेवर ठेवली. मोबाईलची बॅटरी संपत आली होती. रूथने चार्जर दिला नव्हता. गल्लीच्या टोकाच्या दुकानात जाऊन त्याला बसेल असा चार्जर आणला, आणि फोन चार्जिंगला लावला.