ऐब आधी, भाव नंतर

महमूदभाई बंदूक विकायला काढत ती तिच्या खोडीपासून. सलाम झाला, कॉफीचा पहिला घोट झाला, की काउंटरवरची दुनळी उघडायची, तिचं तोंड जमिनीकडे करायचं आणि समोरच्या कतरी माणसाला फर्ड्या अरबीत सांगायचं, "हिच्या दस्त्याला आतून चीर आहे. डावा घोडा जड आहे. एवढं ऐकूनही आवडली, तर भाव बोलू." गिऱ्हाईक आधी चक्रावे, मग हसे, आणि बहुतेक वेळा तीच बंदूक पसंत करी.

दोह्यातल्या त्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात मी अकाउंट्स बघायचो आणि महमूदभाई वापरलेल्या बंदुकांचा काउंटर. परवाना, पोलिसांची मंजुरी हे सगळं मालकाच्या ऑफिसात चाले आणि ते झाल्याशिवाय बंदूक जागची हलत नसे. महमूदभाईंनी फक्त भाव ठरवायचा. तरुणपणी रत्नागिरीहून आलेला हा माणूस एक डोळा मिटून नळीतून छताच्या दिव्याकडे बघे आणि बंदुकीची कुंडली मांडे. स्वतः मात्र जन्मात एक बार काढलेला नव्हता. "कशाला काढू? भाजीवाला काय टोपलीतली सगळी भाजी खातो?" असा त्यांचा सवाल. आपली अरबी, आपलं अत्तर आणि आपली मिशी या तिन्हींचा त्यांना सारखाच गर्व होता, आणि तो ते अजिबात लपवत नसत.

मी सोलापूरचा, म्हणून माझं नाव त्यांनी सोलापूर ठेवून टाकलं. पहिल्याच दिवशी मला समोर बसवून त्यांनी रीतभात शिकवली.

"बघ सोलापूर, विकायला आलेल्या माणसाला 'का विकतोस' असं विचारायचं नाय. सांगायचं असेल तर तो सांगेल. त्याच्या मालाला नावं ठेवायची नाय. बापाची असेल, आजाची असेल."

"मग काय, स्तुती करायची?" मी विचारलं.

ते दचकलेच. "या अल्ला! ती तर बिलकूल नाय. इथल्या जुन्या वळणाच्या माणसाची वस्तू तू वाखाणलीस, की तो म्हणणार, 'घे, तुझीच.' घेतलीस तर लूट, नाय घेतलीस तर त्याचा अपमान. आपण माशाल्ला म्हणायचं आणि कॉफी ओतायची. यल्ला, लाग कामाला."

ऐब, म्हणजे दोष, आधी सांगायची ही सवय दुकानापुरती असती तर ठीक होतं. मुलीची सोयरीक ठरत होती, तेव्हा यांनी अल हिलाल भागातल्या आपल्या फ्लॅटमधून व्हिडिओ कॉलवर पाहुण्यांना बजावलं, "पोरगी सकाळी लवकर उठत नाय आणि रागावली की भांडी आपटते. आता तुमचं तुम्ही बघा." भाभींनी कपाळावर हात मारून घेतला. पाहुणे म्हणाले, आमचा मुलगाही तसाच आहे. लग्न दणक्यात झालं. त्यानंतर तर महमूदभाईंना कुणी आवरूच शकलं नाही.

मग एका हिवाळ्यात, शिकारीच्या हंगामात, उत्तरेच्या अल रुवैस बंदरातून अबू जासिम आला. मासेमारीत आयुष्य गेलेला म्हातारा. गुंडाळलेली चादर त्यानं काउंटरवर उलगडली. न विचारताच म्हणाला, होडीचं इंजिन बसलंय, नवं घ्यायचंय, म्हणून वडिलांची बंदूक विकतोय. अक्रोडाचा दस्ता, हातांनी घासून घासून काळसर झालेला. बाजूच्या पट्टीवर वाळवंटातला पक्षी उडताना कोरलेला, त्याचं पीस न् पीस दिसत होतं. महमूदभाईंनी नळीतून दिव्याकडे पाहिलं, बोटानं तो पक्षी चाचपला, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वल्ला, हाजी! इतकी देखणी बंदूक मी आयुष्यात पाहिली नाही!"

"मग ती तुझी," अबू जासिम म्हणाला. छातीवर हात ठेवला आणि जायला उठला.

महमूदभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारा इंजिनाशिवाय परत निघाला होता, आणि एकदा दिलेली वस्तू परत घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. "हाजी, कॉफी अर्धी राहिली," म्हणून त्याला कसंबसं बसवलं आणि ते मालकाच्या केबिनकडे धावले. मागोमाग मी.

मालक खालिद तरुण होता. ऐकून तो खुर्चीतच ताठ झाला. "स्तुती केली? तू?"

"केली साहेब. आता भेट दुकानाच्या नावानं घ्या, आणि रिवाजाप्रमाणे उलट भेट म्हणून त्याला इंजिन द्या."

खालिद दिलदार माणूस. म्हणाला, "देऊ की, चांगलं मोठं देऊ."

"मोठं नको. या बंदुकीला आपण जो भाव दिला असता, तेवढ्याचंच द्या. कमीचं दिलं तर ती चोरी आणि जास्तीचं दिलं तर ती भीक. म्हाताऱ्याला दोन्ही कळेल."

खालिदनं बाहेर येऊन तिथल्या रीतीप्रमाणे म्हाताऱ्याच्या नाकाला नाक लावलं आणि दोन्ही हातांनी बंदूक घेतली. पुन्हा कॉफी आली, शिकारीच्या गप्पा झाल्या, मंजुरीच्या अर्जावर सह्या झाल्या. पैशाचा शब्द कुणीही काढला नाही. अबू जासिम ताठ मानेनं, रिकाम्या हातांनी गेला. मला ते बघवेना.

पुढचे काही दिवस महमूदभाई इंजिनांच्या मागे होते. एक महाग, एक स्वस्त, एकाचा आवाज आवडला नाही. शेवटी बरोब्बर त्या किमतीचं एक मिळालं आणि आम्ही ते पिकअपमध्ये घालून अल रुवैसला नेलं. म्हाताऱ्यानं इंजिनाभोवती एक फेरी मारली, मुलांना ते होडीवर चढवायला लावलं, सुरू करून ऐकलं. मग महमूदभाईंचा हात हातात घेऊन म्हणाला, "मुलं सांगत होती, दोह्याचा व्यापारी लुबाडेल. मीही मनाची तशीच तयारी करून आलो होतो." महमूदभाई मोठ्यानं हसले.

परतीच्या रस्त्यावर मी खुशीत होतो.

"सोलापूर, मी आता घरी जायचं म्हणतोय."

"सोडतो की, अल हिलाललाच ना?"

"नाय रे. रत्नागिरीला. खलास, बस झालं."

"अहो, एकदा जीभ घसरली म्हणून कुणी नोकरी सोडतं का?"

"घसरली असती तर राहिलो असतो. जीभ खरं बोलली, बाबा. इतकी वर्षं मना बंदुकीत आधी ऐब दिसायचा, तोच माझा धंदा. त्या दिवशी मना ऐब दिसलाच नाय. उद्या दुसरा कोणी येईल, त्याचीही नड असेल, मी पुन्हा वाहवा करेन. दर वेळी मालक इंजिन देणार हाय काय?"

महिनाअखेरीस ते खरंच गेले. खालिदनं दोनदा विनवलं, मी तर रोजच विनवत होतो. ते मिशीवरून हात फिरवत आणि एवढंच म्हणत, "जो माल आवडला, त्याचा भाव मी कसा करू, तू सांग."